बाईला खडा होत नाही

ज्या बाईला ओटीपोटात दुखतं, लघवीला आग होते, आणि लाजेपोटी जी हे आईलाही सांगत नाही, तिच्यासाठी मी हे सांगते आहे. लिहून घेणारी माझी नात. ती चार इयत्ता शिकली आहे, त्यामुळे माझं बोलणं ती पुस्तकासारखं करते. करू दे, वाचणाऱ्याला सोपं जाईल. पण माणसं जे बोलली ते जसंच्या तसं ठेव, एवढं मी तिला बजावलं आहे. माझं नाव कौतिका. मी आता म्हातारी झाले, लाजायचं वय गेलं. ज्याला वाचायला लाज वाटेल त्यानं इथंच कागद खाली ठेवावा.

कापसाच्या तेजीत

आम्ही अकोल्याचे माळी. मोर्णा नदीच्या काठी आमची बाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं झेंडू. घरात मी, माझे धनी आणि सासू, एवढी तीनच माणसं. मी तेव्हा वीस वर्षांची असेन. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

त्या वर्षांत कुठं समुद्रापलीकडे लढाई लागली म्हणे, आणि आमच्याकडे कापसाला असा भाव आला की माणसांच्या अंगात वारं शिरलं. आमच्या धन्यांनी वांग्याचे वाफे मोडून तिथं कापसाची पऱ्हाटी लावली. मग गावाबाहेर दुसऱ्याचं वावर ठोक्यानं, ठरीव खंडावर घेतलं. एका बैलजोडीच्या दोन झाल्या, बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली. माझ्या पायातही चांदीचे तोडे आले. हे मुद्दाम सांगते, नाही तर कुणाला वाटेल की गरिबीमुळे माझा इलाज झाला नाही. घरात सगळं होतं.

दुखणं सुरू झालं ते वेचणीच्या दिवसांत. चालताना ओटीपोटात काहीतरी जड टोचायचं. घडीघडी लघवीला जावंसं वाटायचं. जाऊन बसलं की धार सुरू व्हायची आणि मध्येच बंद पडायची, वाहत्या पाटात कुणी ढेकूळ टाकावं तशी. डाव्या कुशीवर आडवी झाले की पुन्हा सुटायची. शेवटच्या थेंबाला अशी कळ यायची की मी पदर दातांत धरायची. मी घडीघडी धुऱ्याकडे, वावराच्या बांधाकडे पळायची म्हणून वेचणीच्या ओळीतल्या बाया हसायच्या. कौतिका धुऱ्यावरच राहायला गेली, म्हणायच्या. मीही हसायची. काय करणार?

बैलगाडीत बसलं की रक्त जायचं. खाचखळग्यांतून गाडी गेली की हटकून. सासूला रक्त दिसलं की ती म्हणायची, विटाळ आहे, बाहेर बस. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस मी गोठ्याकडच्या पडवीत घोंगडी टाकून बसलेली असायची. मी तिला सांगितलं की हे ते रक्त नाही, हे लघवीतून येतं. ती म्हणाली, एका जागचं रक्त अन् दुसऱ्या जागचं रक्त, मी कायले वेगळं ओळखत बसू?

पदराआड

धन्यांनी मला वैद्याकडे नेलं. माणूस वाईट नव्हते ते. कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण चार माणसांसमोर बायकोच्या अंगाबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांची मान खाली जायची.

वैद्यबुवा ओट्यावर बसलेले. मी खाली, पदर तोंडावर ओढून, धन्यांच्या मागं. वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धन्यांना विचारलं, किती दिवसांचं दुखणं आहे? धनी म्हणाले, असन महिनाभराचं. नऊ महिने झाले होते. मी मागं उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. रक्त जातं का, असं त्यांनी विचारलं, तर धनी खाली मान घालून म्हणाले, बायकायचं जाते तेवढं. वैद्यबुवांनी उष्णता ठरवली. धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घ्यायला सांगितला. मी तीन महिने घेतला.

नंतर एका हकीमसाहेबांकडे गेलो. त्यांनी निदान नाडी तरी धरली. गर्भाशयात वारा भरला आहे, असं ते म्हणाले.

मग सरकारी दवाखान्यात. तिथं पुण्याकडून आलेले डॉक्टर होते. पांढरीशुभ्र पगडी आणि स्वच्छ भाषा. मला वाटलं, हे इंग्रजी शिकलेले, यांना कळेल. त्यांनी धन्यांना विचारलं, मुलंबाळं किती? धनी म्हणाले, नाई. त्या एका शब्दानंतर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. ज्या बाईला मूल होत नाही तिच्या मनाला रोग होतो, आणि मग तिला पोटात हे दुखतं, ते दुखतं, असं वाटायला लागतं, असं त्यांनी धन्यांना समजावून सांगितलं. पांढऱ्या पुड्या दिल्या. मूल झालं की आपोआप बरं होईल, म्हणाले.

आम्ही चार वेळा गेलो. चौथ्या वेळी मी हिंमत करून पदराआडूनच म्हटलं की लघवीत रक्त येतं, धार अडते. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "बाई, तुम्ही जरा गप्प बसा. मी तुमच्या यजमानांशी बोलतो आहे."

ते वाक्य मी आजही तोंडपाठ म्हणू शकते.

सासूनं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं आणि तिला तिचा अर्थ मिळाला. मूल नाही म्हणून आजार, आणि आजार आहे म्हणून मूल नाही. मग आता दुसरी आणावी, हे सरळच होतं. तेजीचे दिवस होते. बाळापूरकडची एक पोरगी तिच्या नजरेत होती. ती हे माझ्यासमोरच बोलायची, भाजी निवडता निवडता, जसं काही बैल बदलायचा आहे.

पातूरची सुईण

माझं माहेर पातूर. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी गेले. आईनं मला लघवीहून परत येताना पाहिलं, भिंत धरून. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुंदरामायला बोलावलं.

सुंदरामाय आमच्या गावची सुईण. मीही तिच्याच हातांवर जन्मले होते. हाडकुळी म्हातारी, तोंडात एकही दात नाही, पण बोटं लांब आणि मऊ. तिनं दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "सांग वं, काय होते तुले?"

दीड वर्षात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी बोलायला लागले ते थांबेचना. किती वेळा, कुठं, कसं, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, सगळं. ती मध्ये मध्ये हुं म्हणायची. मग तिनं हाताला तेल लावलं, मला गुडघे वर घेऊन निजायला लावलं आणि आतून बोटांनी चाचपलं, वरून दुसऱ्या हातानं पोट दाबलं. बराच वेळ. मी वर आढ्याकडे पाहत होते. मग एका जागी तिची बोटं थांबली आणि तिथंच मला ती ओळखीची कळ आली.

"पोरी, तुह्या गर्भाच्या कोठ्यात काई नाई," ती म्हणाली. "त्याच्या पुढं मुताची पिशवी असते, तिच्यात गोटा हाय. सुपारीएवढा असन. माह्या बोटाखाली सरकला तो."

तसा गोटा तिच्या बोटांना आधी एकदाच लागला होता, एका तेलिणीच्या पोटात. ती तेलीण पुढं कुणाला दाखवायच्या आतच मेली. सुंदरामायनं हेही सांगितलं की हा गोटा तिच्या हातानं निघणार नाही, हे तिचं काम नाही. अमरावतीला, आमच्या बोलीत उमरावतीला, सरकारी दवाखान्यात मोठे गोरे साहेब आहेत, ते गड्यांच्या पोटातले असे गोटे काढतात, असं तिनं ऐकलं होतं. गड्यांचेच ऐकले होते.

मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. कित्येक महिन्यांत पोटभर जेवले नव्हते. आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढं कळलं तरी माणसाला भूक लागते.

अकोल्याच्या डॉक्टरांचं उत्तर

परत आल्यावर मी धन्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी इथल्या डॉक्टरांना विचारू. गेलो. या वेळी मी धन्यांच्या मागं उभी राहिले नाही, बाजूला राहिले. धन्यांनी अडखळत सांगितलं की पातूरची एक सुईण असं असं म्हणते.

डॉक्टर हसले. रागावले असते तर मला कमी लागलं असतं. ते म्हणाले, "अहो, मूतखडा हा पुरुषांचा रोग. बाईला खडा होत नाही. आता सुइणी आम्हाला वैद्यक शिकवणार का?"

मी विचारलं, तुम्ही पाहिलं का? ते म्हणाले, पाहायची गरजच नाही. आणि पुन्हा त्याच पुड्या बांधायला सांगितल्या.

मी ती पुडकी घेतली नाहीत. तशीच मेजावर ठेवून बाहेर आले. धनी मागून आले, हातात पुडकी. रस्त्यात मी त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला तुमी कापूस घेऊन उमरावतीले जाता, तवा मले बी नेजा. नाई नेलं तर मी पायी जाईन.

 गाडी भरायच्या दिवशी सकाळी त्यांनी कापसाच्या दोन बोज्यांच्या मध्ये जागा सोडली होती, माणूस आडवा होईल एवढी. सासू दारात उभी राहिली. जाऊन ये, म्हणाली, तवरोक मी बाळापूरले निरोप धाडते. मी तिला नमस्कार केला आणि चाकावर पाय ठेवून वर चढले.

गाडीतले चार दिवस

मी आईला धाडलेला निरोप ऐकून सुंदरामाय आधल्या दिवशी पातूरहून चालत आली होती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, साहेब इचारन का कोनं सांगतलं, तवा मी नोको का तठी?

त्या वाटेचं फार सांगत नाही. कापूस मऊ असतो आणि गाडी दगडावर आपटली की त्या मऊपणाचा काही उपयोग नसतो. कापसाच्या गाड्यांची रांग पुढं मागं नजर पोचेल तिथवर. आमच्या गाडीला थांबता येत नव्हतं, मागचे ओरडायचे. मूर्तिजापूरच्या पुढं मला थंडी वाजून ताप आला. सुंदरामाय माझ्या पायांशी बसून माझा पाय धरून ठेवायची, म्हणजे धक्का कमी बसावा. बडनेऱ्याजवळ आगगाडीच्या रस्त्यासाठी माती टाकणं चाललं होतं. शेकडो बाया डोक्यावर टोपल्या घेऊन चढत होत्या. त्यांच्याकडे पाहून मला वाटलं, यांच्यातल्या कितीजणी अशाच दात आवळून चालत असतील.

पायरीवर

अमरावतीच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी तेच झालं. कंपौंडरनं धन्यांना विचारलं, धन्यांनी सांगितलं, साहेबांनी एक नजर टाकली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. कंपौंडर म्हणाला, साहेब म्हणतात हा वहम आहे, नुसता मनाचा भास, बाईमाणसाला होतो. पुढं चला.

मी पुढं गेले, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. धनी कापूस घेऊन बाजारात गेले. संध्याकाळी ते मला न्यायला आले तेव्हा मी तिथंच होते. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी पुन्हा जाऊन बसले, शेजारी सुंदरामाय. शिपायानं उठवलं की आम्ही उठायचो, तो आत गेला की बसायचो. लघवीला जायचं झालं की सुंदरामाय लुगड्याचा आडोसा करायची. ओरडलो नाही, रडलो नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून उतरले आणि पायरीवर माझ्यापुढं थांबले. उंच माणूस, उन्हानं भाजलेली मान. या बाईला काय हवं आहे, असं त्यांनी कंपौंडरला विचारलं असावं. कंपौंडर काही बोलायच्या आत मी उभी राहिले. पदर मागं घेतला. परक्या पुरुषापुढं मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडं केलं.

"साहेब, तुमी गड्यायच्या पोटातले खडे काढता, तवा त्यायले हात लावून पायता. मले हात न लावता तुमाले कसं समजलं का मले काई नाई?"

 हे साहेबांना कसं सांगावं ते कंपौंडरला कळेना. पण साहेबांना हिंदुस्तानी येत होतं, त्यांना बरंचसं कळलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते बोलले आणि कंपौंडर म्हणाला, साहेब विचारतात, तुझा नवरा तुला तपासू देईल का?

"दुखते मले," मी म्हटलं. "मलेच विचारा."

खट्

आतल्या खोलीत सुंदरामायनं माझ्यावर चादर धरली. साहेबांनी एक वाकडी बारीक सळई तेल लावून लघवीच्या वाटेनं आत घातली. मी सुंदरामायचं मनगट धरलं होतं, तिथं माझी नखं रुतली, पण तिनं हात काढून घेतला नाही. सळई हळूहळू फिरली.

आणि आवाज आला. खट्. विहिरीत बादली सोडली की तळच्या दगडाला लागते, तसा. बारीक, पण सगळ्यांना ऐकू आला. साहेबांनी सळई पुन्हा हलवली. पुन्हा खट्.

 मग त्यांनी कंपौंडरला वाकून ऐकायला लावलं. माझी परवानगी विचारून, बाजारातून आलेल्या धन्यांना आत बोलावलं आणि त्यांनाही ऐकवलं. मग सुंदरामायला विचारलं, तुला कसं कळलं? तिनं आपली दोन बोटं वर करून दाखवली.

मी हसत होते. पोटात दगड आहे हे कळून कुणी हसतं का? मी हसले. नवऱ्यानं, सासूनं, तीन शहाण्यांनी जे नाही म्हटलं होतं ते माझ्या आत खटखट वाजत होतं.

धनी बाहेर जाऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मी बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी वैद्याले महिना सांगतला होता." मी म्हटलं, व्हय.  त्यांना बरं वाटावं असं काहीतरी बोलता आलं असतं, पण त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हतं.

भीती

साहेबांनी कंपौंडरकडून सगळं स्पष्ट सांगवलं. खडा काढावा लागेल. गुंगीचं औषध हुंगवतील, कळणार नाही. पण ताप आला तर माणूस जातं. आणि जगलं तरी पुढं लघवी धरता येईलच असं नाही. जन्मभर गळत राहील कदाचित.

मरणाची मला तेवढी भीती वाटली नाही. गळत राहण्याची वाटली. मग कायमची पडवीत. मग पोरगी बाळापूरची येणार आणि मी गोठ्यात बैलांशेजारी. मी सुंदरामायला म्हटलं, नाही करत. ती म्हणाली, तुही मर्जी, पन घरी जाऊन का करशीन? मी विचार केला. दीड वर्ष जे केलं तेच, आणि शेवट त्या तेलिणीसारखा.

कागदावर साहेबांनी धन्यांचा अंगठा घेतला. मी म्हटलं, माझाही घ्या. तशी रीत नव्हती. पण घेतला. धन्यांच्या अंगठ्याच्या खाली माझा.

ज्या सकाळी केलं, त्या सकाळचं मला एवढंच आठवतं की रुमालाला गोडसर वास होता, कुजक्या फळासारखा, आणि छतावर एक पाल होती. मी पालीकडे पाहत असताना ती दोन झाली, मग चार.

जाग आली ती ओकारीनं. सुंदरामायनं माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. खडबडीत, तपकिरी, सुपारीपेक्षा जरा मोठा. एवढासा.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. बाया येतच नाहीत, म्हणून नाही, असं कंपौंडर म्हणाला. एका कोपऱ्यात तट्ट्या उभ्या करून माझी खाट टाकली. तट्ट्यांच्या पलीकडे गडी कण्हत असायचे. सकाळी झाडू, मग पेज, मग साहेबांची फेरी. साहेब आता तट्टीच्या बाहेर थांबून आधी खाकरायचे आणि येऊ का विचारायचे. आत आले की मलाच विचारायचे, मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत. दर्द है? कहाँ? मी सांगायची. ते ऐकायचे. या माणसानं मला तीन दिवस पायरीवर बसवलं होतं हे मी विसरले नाही, पण हेही सांगितलंच पाहिजे.

ताप आला. पाच दिवस राहिला. त्यातलं मला काही आठवत नाही, सुंदरामाय सांगायची की मी वांग्याच्या रोपांना पाणी सोडा म्हणून ओरडत होते.

ताप उतरला आणि गळणं सुरू झालं. ज्याची भीती होती तेच. उठलं की, खोकलं की, हसलं की. धनी बाजारातून सरकी काढलेला कापूस आणायचे, सुंदरामाय त्याच्या घड्या करून द्यायची. दिवसातून दहा-बारा वेळा बदलायच्या. धनी त्या घड्या स्वतः नेऊन पुरायचे. चार माणसांत माझं दुखणं बोलताना ज्यांची मान खाली जायची, ते भर दुपारी दवाखान्याच्या आवारातून ते गाठोडं घेऊन जायचे. ते पाहिल्यावर माझा अर्धा राग गेला. सगळा नाही.

सुंदरामायनं मला एक शिकवलं होतं, बाळंतिणींना शिकवायची ते. लघवी अडवल्यासारखं आतून आवळून धरायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. खाटेवर पडल्या पडल्या मी दिवसभर तेच करायची. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही. ज्या बाईला असं होतं तिनं करून पाहावं. मला दीड महिना लागला. एक दिवस मी शिंकले आणि कोरडी राहिले. मी सुंदरामायला हाक मारली आणि पुन्हा शिंकायला बघू लागले.

घरी

आम्ही परतलो तेव्हा लढाई संपली होती आणि कापसाचा भाव पडला होता. धन्यांनी मोर्णेकाठच्या वावरातली पऱ्हाटी उपटून पुन्हा वांगी लावली.

मी पहिलं काम केलं ते हे, की अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, एकटी. खडा डॉक्टरांच्या मेजावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, खिडकीकडे धरून पाहिला. मग विचारलं, हा तुमचाच कशावरून? कुण्या पुरुषाचाही असू शकेल. मी म्हटलं, उमरावतीच्या साहेबाले चिठ्ठी लिहून विचारा. त्यांनी लिहिली की नाही मला माहीत नाही. खडा मी उचलून घरी आणला.

मूल मला झालं नाही, कधीच नाही. खडा गेला, दुखणं गेलं आणि मूल झालं नाही. डॉक्टरांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी खोटं ठरलं. आणि सासूनं बाळापूरची पोरगी आणलीच. मी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. धन्यांनी मला विचारलं, हे खरं. मी म्हटलं, विचारलं तुमी, तेवढं बस झालं. तिचं नाव बयना. पंधरा वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, पुरुषमाणूस आला की भिंतीत शिरायला बघणारी. हे लिहिणाऱ्या पोरीची ती आजी. आमचं दोघींचं आधी जमलं नाही. चूल एक, आणि दोघींना तिच्यासमोर बसायचं.

बयना

बयनाला पहिला मुलगा झाला त्याच्या तिसऱ्या महिन्यात तिला ताप भरला. सासू म्हणाली, दुधाला दृष्ट लागली. मीठ-मिरची ओवाळून झाली. बयना एका कुशीला वाकून बसायची, पोराला एकाच बाजूनं पाजायची आणि काही बोलायची नाही. मी तिला विचारलं, काय होते तुले? ती म्हणाली, काई नाई. हे काई नाई मी ओळखत होते. मी दीड वर्ष तेच म्हटलं होतं.

सुंदरामाय तोवर गेली होती. मी धन्यांना गाडी जुंपायला लावली.

तेच डॉक्टर. पगडी तीच, डोळ्यांवर आता चष्मा आला होता. मला त्यांनी ओळखलं, पण दाखवलं नाही. धन्यांना म्हणाले, बसा. काय होतंय हिला? धन्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, अहो, मी तुम्हाला विचारतो आहे.

"तिले विचारा," मी म्हटलं.

ते म्हणाले, लाजते ती, बोलणार नाही. आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला.

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली. रोग्यांनी खुर्चीवर बसायची रीत नव्हती. मी बयनाला त्या खुर्चीवर बसवलं, तिचा पदर डोक्यावर नीट केला पण तोंडावर ओढला नाही, आणि पोराला तिच्या मांडीवरून माझ्याकडे घेतलं. म्हटलं, आमाले घाई नाई. ती बोलेपर्यंत आमी अठीच हाओत.

डॉक्टरांनी टाक हातात धरून ठेवला. बाहेर ओसरीवर माणसं खोळंबली होती, कुणीतरी खोकत होतं. पोर माझं बोट चोखत होतं. बयनानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा धन्यांकडे, मग खाली स्वतःच्या हातांकडे. 

मग ती म्हणाली, "डाव्या अंगाले. दुधाच्या जागी. आठ दिवसांपासून दगडावानी झालं हाय, अन् तठी हात लागला का जीव जाते."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला.

"कोणत्या वेळी जास्त दुखतं?" त्यांनी विचारलं. तिला विचारलं.

आणि बयना सांगायला लागली.